जुने लायसन्स प्लॅन बंद होतायत – तयारी कुठून सुरू करावी?

खटपट्या (धागाकर्ता)

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

आमच्याकडे ड्रॉइंगचं एक सॉफ्टवेअर आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फार पूर्वी कायमस्वरूपी लायसन्स घेतलेली आहेत, तीही नेटवर्कवाली. म्हणजे सर्व्हरवर ८ लायसन्सचा पूल आहे, जो प्रोग्रॅम उघडेल त्याला त्यातलं एक मिळतं, त्याने बंद केलं की ते दुसऱ्याला. वापरणारे २०-२२ जण. दरवर्षी मेंटेनन्सचे पैसे भरतो, त्यात नवीन व्हर्जन आणि सपोर्ट मिळतो.

परवा मेल आला. 'तुमचा लेगसी प्लॅन पुढील नूतनीकरणापासून उपलब्ध राहणार नाही. आताच सबस्क्रिप्शनकडे वळलात तर विशेष सवलत.' खाली भलंमोठं निळं बटण. साहेबांनी एवढंच विचारलं, "म्हणजे त्या तारखेला सॉफ्टवेअर बंद पडणार का?" मेल तीनदा वाचूनही त्यात याचं उत्तर सापडत नाही.

शिवाय काही मशीनवर ऑफिस २०१९ आहे, आणि जुन्या कॅटलॉगच्या पेजमेकर (ॲडोबीचं पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) फाइलींचा ढीग आहे, ज्याला कुणी हात लावत नाही.

कुठून सुरुवात करू? बटण तूर्त दाबलेलं नाही.

मधलीसुट्टी

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही असाच मेल येऊन पडलाय.

सर्व्हरखाली

बटण दाबलं नाहीत हे उत्तम. तसंच राहू द्या.

साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मेलमध्ये नसतं, कारण 'प्लॅन बंद' या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. नवीन लायसन्सची विक्री बंद. असलेल्यांच्या मेंटेनन्सचं नूतनीकरण बंद. सपोर्ट आणि सुरक्षा अपडेट बंद. आणि ॲक्टिव्हेशन बंद, म्हणजे पुन्हा इन्स्टॉल केलं तर कंपनीचा सर्व्हर होकार देणार नाही. या चौघांच्या तारखा बहुतेक वेळा वेगळ्या असतात, आणि चौथी तारीख तर कित्येकदा जाहीरही झालेली नसते.

ॲटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीचं बघा. त्यांच्या सर्व्हर लायसन्सची नवी विक्री २ फेब्रुवारी २०२१ ला थांबली, सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ ला. दुसऱ्या दिवशी कुणाचं जिरा (त्यांचं कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) आपोआप बंद पडलं नाही, कारण ती लायसन्स कायमस्वरूपी होती. ती चालवत राहणं शहाणपणाचं होतं का, हा निराळा प्रश्न. त्याच कंपनीची डेटा सेंटर लायसन्स मात्र मुदतीची आहेत. तिथे २८ मार्च २०२९ ही अखेरची तारीख दिली आहे आणि त्यानंतर आतला डेटा फक्त वाचता येणार. कंपनी एकच, 'बंद' हा शब्दही एकच, आणि परिणाम मात्र दोन टोकांचे.

तेव्हा मेलला उत्तर म्हणून या चार तारखा लेखी मागा. फोनवर नको. विक्रेता फोनवर काहीही सांगतो.

नवखी

प्रश्न बाळबोध वाटेल, पण कायमस्वरूपी लायसन्स म्हणजे कायमस्वरूपीच ना? मग ॲक्टिव्हेशन बंद करून ते अडवू कसे शकतात?

तळटीप

@नवखी, प्रश्न अजिबात बाळबोध नाही, सगळी मेख तिथेच आहे. वापरायचा हक्क कायमचा असतो. तो हक्क बजावता यावा म्हणून कंपनी आपला सर्व्हर कायम चालू ठेवेल, असं बहुतेक करारांत कुठेच लिहिलेलं नसतं. घर आपल्या नावावर, पण किल्ली दरवेळी शेजाऱ्याकडून मागून आणायची, असा व्यवहार आहे. शेजारी आहे तोवर ठीक.

शेजारी भला निघाल्याचंही उदाहरण आहे. ॲडोबीने क्रिएटिव्ह सूट २ (फोटोशॉप वगैरेंचा संच) चे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले तेव्हा, म्हणजे २०१२ च्या डिसेंबरात, ॲक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती आणि वेगळे सिरीयल क्रमांक उपलब्ध करून दिले होते. ते मूळ ग्राहकांसाठी होते, लोकांनी 'फुकट फोटोशॉप' म्हणून बोंब ठोकली तो भाग सोडा. पण हे सौजन्य झालं. प्रत्येक कंपनी ते दाखवेल असं धरून चालू नका.

म्हणून खटपट्या, तुम्ही पहिलं काम हे करा. एक रिकामं मशीन घ्या, नेटवर्कची वायर काढा, आणि तुमच्याकडे आज जे आहे तेवढ्यावर (इन्स्टॉलर, सिरीयल, लायसन्स फाइल) ते सॉफ्टवेअर शून्यापासून उभं राहतं का ते बघा. कुठे अडतं ते लिहून काढा. त्या यादीत जे येईल ती तुमची खरी तयारी. ऑफलाइन ॲक्टिव्हेशनची सोय असेल (रिक्वेस्ट कोड पाठवायचा, उत्तरादाखल फाइल येते) तर ती आत्ताच वापरून बघा, मेंटेनन्स चालू आहे तोवर.

आणि इन्स्टॉलर स्वतःकडे उतरवून ठेवा, सर्व्हिस पॅकांसकट. कंपनीच्या पोर्टलवर ते 'आहेतच' असं समजू नये. ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) नोव्हेंबर २०२३ मध्ये ताब्यात घेतलं, डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली, त्यांच्या सपोर्टचं नूतनीकरणही थांबवलं, आणि २०२५ मध्ये अपडेट उतरवायला ग्राहकागणिक टोकन (ओळखीचा कोड) लागू केलं. जुने पत्ते टाकून लिहिलेल्या, अपडेट आपोआप उतरवणाऱ्या स्क्रिप्ट एका फटक्यात निकामी.

उंटावरचा

एवढी यातायात कशाला? सगळं ओपन सोर्सवर न्या आणि सुटा. लिबरऑफिस आहे, ड्रॉइंगला फ्रीकॅड आहे. एकदाच त्रास.

सर्व्हरखाली

@उंटावरचा, ऑफिससाठी तुमचं म्हणणं विचारात घेण्यासारखं आहे. ड्रॉइंगसाठी इतकं सोपं नाही. बाहेरचे लोक डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडचा ड्रॉइंग फॉरमॅट) फाइल पाठवतात आणि डीडब्ल्यूजीच परत मागतात. त्यात कस्टम ब्लॉक (तयार आकृत्या), लिस्प रुटीन (छोटे प्रोग्रॅम), प्लॉट स्टाइल (प्रिंटच्या रेषांची सेटिंग) अशी वर्षांची जमवाजमव असते. फाइल उघडते, पण प्रिंट वेगळी येते, आणि ती साइटवर गेल्यावर कळतं.

उंटावरचा

मान्य. पण सौदा करताना 'आम्ही दुसरं बघतोय' एवढं तरी म्हणता यावं, म्हणून एका माणसाला एका प्रोजेक्टपुरतं वापरून बघायला लावा. हे माझं वैयक्तिक मत.

मोजपट्टी

इथे कुणी वापराचा मुद्दा काढला नाही म्हणून लिहिते. माझं रोजचं कामच हे आहे.

भाव किती वाढला हे सगळे बघतात. मोजण्याचं एकक बदललं का, हे बघत नाहीत, आणि खरा फटका तिथे बसतो. ओरॅकलने जानेवारी २०२३ मध्ये जावाच्या (प्रोग्रॅम लिहायची भाषा) सबस्क्रिप्शनसाठी कर्मचारी-संख्येचं एकक आणलं. जावा किती जण वापरतात हे गौण. संस्थेत माणसं किती, त्यावर आकारणी. व्हीएमवेअरला दर प्रोसेसरमागे किमान १६ कोअर (प्रोसेसरच्या आतले छोटे प्रोसेसर) धरतात, तुमच्याकडे ८ कोअरचा असला तरी. ऑटोडेस्कने (ऑटोकॅडवाल्या कंपनीने) ऑगस्ट २०२० पासून नेटवर्कवाली लायसन्स बंद करत आणली तेव्हा एका नेटवर्क लायसन्सच्या बदल्यात दोन नावावरची लायसन्स देऊ केली. ऐकायला दुप्पट. पण एका लायसन्सवर तीन-चार जण आळीपाळीने काम करत असतील तर ती तूट आहे.

खटपट्या, तुमचं नेमकं हेच होणार. ८ चा पूल, २२ माणसं, आणि नव्या प्लॅनमध्ये बहुधा माणशी एक. तेव्हा २२ पैकी खरोखर किती जणांना रोज लागतं, हे विक्रेत्याशी बोलण्याआधी तुमच्या हातात हवं.

ते विचारून कळत नाही. विचारलं की प्रत्येक जण "मला रोज लागतं" म्हणतो. ते लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर आपोआप लिहितो त्या नोंदींत असतं. तुमचा लायसन्स मॅनेजर (पुलातली लायसन्स वाटणारा प्रोग्रॅम) फ्लेक्सनेट असेल (नेटवर्कवाल्यांत तो फार आढळतो) तर त्याच्या डीबग लॉगमध्ये असं काहीसं दिसेल:

९:४१:०७ आउट: मुख्य मोड्यूल, मशीन ७
९:४१:५२ डिनाइड: मुख्य मोड्यूल, मशीन १२ (–४,३४२)
१३:०५:३० इन: मुख्य मोड्यूल, मशीन ७

आउट म्हणजे लायसन्स घेतलं, इन म्हणजे परत आलं, डिनाइड म्हणजे पूल रिकामा होता म्हणून नाकारलं (कंसातला तो त्रुटी क्रमांक). आउट आणि इनमधला वेळ माणसागणिक जोडा. मग ज्याने महिन्यात दोनदा, दहा-दहा मिनिटं उघडलंय तो नुसता बघणारा निघतो. त्याला फुकट व्ह्यूअर पुरतो, लायसन्स लागतच नाही.

एक खाचखळगा: लायसन्सची सेवा रीस्टार्ट झाली की लॉग कोऱ्या पानावर सुरू होतो, मागचं पुसलं जातं. सेटिंगमध्ये लॉगच्या पाथआधी अधिकचं चिन्ह टाकलंत तर जुन्याला जोडून लिहितो. आजच टाका, नाहीतर पुढच्या महिन्यात मोजायला हातात काही नसेल.

नवखी

हे भारी आहे. वाचनखूण साठवली.

मधलीसुट्टी

प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला होता.)

खटपट्या

सगळ्यांचे आभार. मोजपट्टीताई, लॉग बघितला. सेवा कधीतरी वीज गेल्यावर रीस्टार्ट झालेली, त्यामुळे त्याच्या आधीचं गेलं, पण उरलंय तेही पुरेसं बोलकं आहे. डिनाइड जवळजवळ सगळे सकाळी दहाच्या आसपासचे. म्हणजे लोक आल्याआल्या प्रोग्रॅम उघडून ठेवतात आणि मग मीटिंगला जातात. रोजचे खरे वापरकर्ते ११ दिसतात. उरलेल्यांपैकी बरेच जण फक्त प्रिंट काढायला उघडतात.

आता दुसरा प्रश्न. मेलमधल्या सवलतीच्या ऑफरला 'ट्रेड-इन' म्हटलंय. म्हणजे जुनी लायसन्स द्यायची का? की जुनी ठेवून वर नवी?

तळटीप

ट्रेड-इन म्हटलंय ना, मग बारीक अक्षरं भिंग लावून वाचा. 'पात्र लायसन्सवरील हक्क सोडून देत आहात' अशा अर्थाचं वाक्य असतं, आणि बहुतेकदा ते ऑफरच्या पानावर नसून तिथून दुवा दिलेल्या अटींत असतं. तो होकार दिलात की कायमस्वरूपी लायसन्स जमा. पुढे सबस्क्रिप्शन परवडेनासं झालं तर मागे फिरून जायला जागा नाही. सवलत किती यापेक्षा, बदल्यात काय काढून घेतायत ते आधी बघा.

मेंटेनन्स न भरता जुनं लायसन्स आहे त्या व्हर्जनवर ठेवणं हा पर्याय करारात असेल, तर काही जागा जुन्यावर आणि काही नव्यावर असं मिश्रण जमतं. तुमचे प्रिंटवाले जुन्यावर राहू शकतील. मात्र एक अट नीट तपासा: काही कंपन्या म्हणतात, की एका ग्राहकाची सगळी लायसन्स एकाच प्लॅनमध्ये हवीत, अर्धी इकडे अर्धी तिकडे चालणार नाही.

कागदपत्रं: खरेदीची ऑर्डर, बिल, लायसन्स प्रमाणपत्र, आणि *त्या वेळचा* करार. आज संकेतस्थळावर दिसतो तो नव्हे. इन्स्टॉलरच्या फोल्डरमध्ये कराराची टेक्स्ट किंवा आरटीएफ फाइल बहुधा असते, ती काढून ठेवा. पोर्टलवरच्या तुमच्या लायसन्सच्या यादीचा स्क्रीनशॉट तारखेसकट घ्या. प्लॅन बंद झाल्यावर पोर्टलवरची जुनी नोंद गायब झाली, तर उद्या ऑडिटच्या (कंपनी लायसन्स तपासते त्या) वेळी पुरावा तुम्हालाच द्यावा लागेल.

अवांतर: युरोपीय न्यायालयाने ३ जुलै २०१२ ला यूझ्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात, कायमस्वरूपी लायसन्स विकत घेणाऱ्याला ते पुढे विकता येतं असं ठरवलं. ते युरोपीय संघापुरतं. पण आपल्याकडची लायसन्स ही विकायची मालमत्ता ठरू शकते, हा विचार ज्या देशात असाल तिथल्या वकिलासमोर मांडायला हरकत नाही. सहज फुंकून टाकू नका, एवढंच.

पाटीकोरी

ऑफिस २०१९ बद्दल: सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २०१६ चाही त्याच दिवशी. विंडोज १० चाही. प्रोग्रॅम उघडतो, पण सुरक्षेची ठिगळं येत नाहीत. बाहेरून आलेल्या फाइली रोज उघडणाऱ्या मशीनवर तो ठेवू नका. सबस्क्रिप्शन नको असेल तर ऑफिस २०२४ एकरकमी मिळतं, सपोर्ट ऑक्टोबर २०२९ पर्यंत. हा विषय इथेच संपतो, त्यावर जास्त डोकं खर्च करू नका.

पेजमेकरचं मात्र मनावर घ्या. शेवटची आवृत्ती ७, तीही २००१ ची. त्या फाइली इनडिझाइनमध्ये (ॲडोबीचं पानं मांडायचं नंतरचं सॉफ्टवेअर) उघडता येत होत्या (६ आणि ७ च्या), पण फक्त सीएस६, म्हणजे क्रिएटिव्ह सूट ६ पर्यंत. त्यानंतरच्या क्रिएटिव्ह क्लाउडवाल्या आवृत्त्यांतून ती सोय काढून टाकली. आणि सीएस६ ची विक्री २०१७ च्या जानेवारीत थांबली. म्हणजे तुमच्या ढिगाला पुलावरून पलीकडे नेणारं भरवशाचं वाहन हेच आहे, आणि ते जुन्या मशीनवर आत्ता चालू स्थितीत असेल तरच.

ऑफिसात कुठे सीएस६ असेल तर ते मशीन फॉरमॅट होण्याआधी ताब्यात घ्या. एकेक फाइल इनडिझाइनमध्ये उघडा, आयडीएमएल (इनडिझाइनचा अदलाबदलीचा फॉरमॅट) म्हणून सेव्ह करा, सोबत पीडीएफ काढा, आणि लिंक केलेली चित्रं व फॉन्ट त्याच फोल्डरात टाका. आयडीएमएल आतून एक्सएमएलच (खुणा घातलेला साधा मजकूर) असतं, झिप केलेलं, त्यामुळे उद्या इनडिझाइन नसलं तरी मजकूर तरी काढता येईल. पीडीएफ फक्त बघायला. 'पीडीएफ काढल्या, झालं काम' असं ज्यांना वाटतं ते नंतर एक ओळ बदलायला पुन्हा सगळं टाइप करतात.

मोजपट्टी

+१. आणि हे सगळ्याच सॉफ्टवेअरला लागू आहे. हिशेबाचं पॅकेज असेल तर रिपोर्ट छापून भागत नाही, मास्टर, व्हाउचर आणि बदलांची नोंद असं सगळं वेगवेगळं सीएसव्हीत (कुठेही उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाइलीत) काढावं लागतं, आणि ते दुसरीकडे चढवून बेरीज जुळते का ते बघावं लागतं. एक्स्पोर्टचं बटण लायसन्स संपल्यावर चालेलच असं नाही.

मधलीसुट्टी

मला एक वेगळं वाटतंय. जरा थांबून बघितलं तर? कंपन्या माघार घेतात की. गूगलने जुनं फुकट जी सूट (स्वतःच्या डोमेनवर मेल वगैरे देणारी सेवा) २०२२ मध्ये बंद करतो म्हणून सांगितलं, लोकांनी गदारोळ केला, आणि मग वैयक्तिक वापरासाठी चालू ठेवलं. जेटब्रेन्सनेही (प्रोग्रॅमरांची साधनं बनवणारी कंपनी) २०१५ मध्ये निव्वळ सबस्क्रिप्शन जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर, सलग वर्षभर पैसे भरलेल्याला एक व्हर्जन कायमचं ठेवता येईल अशी सोय दिली.

सर्व्हरखाली

दोन्ही खरं. पण जी सूटमध्ये ज्याने स्वतः जाऊन 'वैयक्तिक वापर' निवडलं त्याचं फुकट राहिलं. नुसता गप्प बसलेला पैशाच्या प्लॅनमध्ये ढकलला गेला. थांबायचं तर डोळे उघडे ठेवून थांबावं लागतं, आणि दर पंधरवड्याला त्यांचं सूचनापान बघावं लागतं.

तुम्ही दिलेलं दुसरं उदाहरण मात्र सौद्यात फार कामाचं आहे. खटपट्या, नवीन करार करायचाच झाला तर हे मागा: सबस्क्रिप्शन सोडलं तर शेवटचं एखादं व्हर्जन ठेवता येईल का. नाही म्हणाले तर नूतनीकरणाच्या भाववाढीवर टक्केवारीत मर्यादा, आणि करार संपल्यावर डेटा बाहेर काढायला किमान मुदत, तीही लेखी. पहिल्या वर्षाची सवलत हा सर्वांत कमी महत्त्वाचा आकडा आहे. दुसऱ्या नूतनीकरणाचा आकडा विचारा. विक्रेता विषय बदलतो की नाही बघा.

उंटावरचा

खिक्. विषय बदलतोच. आमच्या वेळी तर ट्रेनिंग मोफत देतो म्हणाला.

खटपट्या

आतापर्यंतची प्रगती. चार तारखा लेखी मागितल्या. तीन आल्या, ॲक्टिव्हेशनच्या तारखेबद्दल 'सध्या कोणताही बदल नियोजित नाही' असं उत्तर आहे, म्हणजे ती नाहीच असं धरून चाललोय. ट्रेड-इनच्या अटींत हक्क सोडण्याचं वाक्य निघालं, तळटीप म्हणाले तसंच, दुव्यामागे. साहेबांना ११ चा आकडा आणि लॉग दाखवला. ११ जणांना नवीन, बाकीचे जुन्यावर, असं विचारायचं ठरलंय. सीएस६ चं एक मशीन हिशेब विभागात सापडलं, त्यावर कुणीतरी फक्त पत्ते छापत होतं.

वायर काढून इन्स्टॉल करून बघितलं तर लायसन्स सर्व्हरपाशीच अडलं. लायसन्स फाइल नव्या मशीनवर ठेवली, सेवा सुरू होते, पण होस्ट जुळत नाही म्हणते. जुना सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातला एक डेस्कटॉप आहे, त्याचा भरवसा नाही. व्हर्च्युअल मशीन (दुसऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने चालणारी मशीन) करून ठेवली तर चालेल का?

सर्व्हरखाली

लायसन्स फाइल नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्या ओळीत सर्व्हरचं नाव, मग १२ अक्षरांचा होस्ट आयडी आणि शेवटी पोर्ट, बहुतेक २७००० किंवा त्याच्या आगेमागे. तो होस्ट आयडी म्हणजे नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक). जुन्या डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ऑल टाकून कुठल्या कार्डाशी तो जुळतो ते बघा. मदरबोर्डवरचं कार्ड असेल तर बोर्ड गेला की लायसन्स गेलं. यूएसबीला लावलेलं असेल तर त्यावर आजच चिठ्ठी चिकटवा, कुणी काढू नये म्हणून.

व्हर्च्युअल मशीनला तोच मॅक देता येतो, पण करारात परवानगी आहे का ते बघितल्याशिवाय करू नका, ऑडिटमध्ये हेच आधी पकडतात. सरळ रस्ता म्हणजे रीहोस्ट: कंपनीला अर्ज करायचा, जुनी फाइल रद्द करून नव्या मशीनच्या होस्ट आयडीवर फाइल बनवून देतात. हे मेंटेनन्स चालू असेपर्यंतच सहसा करून मिळतं. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी रीहोस्ट, नवी फाइल हातात, ती वायर काढून तपासली, आणि मग मेंटेनन्स पुढे भरत नाही असं कळवायचं. उलट केलंत तर अर्ज सपोर्टच्या रांगेतच पडून राहील.

खटपट्या

मदरबोर्डवरचंच निघालं. रीहोस्टचा अर्ज आत्ताच टाकला. व्हर्च्युअलबद्दल करारात 'लेखी परवानगीने' असं आहे, तेव्हा परवानगीही त्याच अर्जात मागितली.